कमांड नॉट फाऊंड



बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकतोय. मध्यंतरी घरात लग्नकार्य झालं, मग माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डोळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात जो उद्योग करून ठेवला तो सांगण्यासाठी आजचा हा लेखनप्रपंच. विषय कॉम्प्युटरचा आहे. पण नातेवाईक मंडळींनी घाबरून लगेच पान बंद करू नये. इतिहासाच्या मास्तरानं लिहिलंय, त्यामुळे सनावळ्या असतीलच. पण फिरून फिरून आपल्याच जिल्ह्यात यायचं आहे.

तर झालं असं. नोकरीच्या तेहतीस-चौतीस वर्षांत मी दरवर्षी एक डायरी ठेवत असे. सरकारी हजेरीपट वेगळा, ही माझी खाजगी. वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव, बाप काय करतो, आणि पुढे कळलं तर मुलाचं काय झालं ते. निवृत्तीनंतर या डायऱ्यांना वाळवी लागायला लागली, म्हणून गेली तीन वर्षं मी त्या टाईप करून ठेवतोय. एका वर्षाची एक फाईल. पुण्याच्या भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप दिलाय. त्यावर विंडोज रडतखडत चालायचं, म्हणून त्यानं डेबियन नावाची लिनक्स घालून दिली. त्यात एक काळी खिडकी असते, तिला टर्मिनल म्हणतात. त्यात माऊस नाही, चित्रं नाहीत. हुकूम लिहायचा आणि एंटर मारायचा. फळ्यासमोर आयुष्य गेलेल्या माणसाला ती काळी खिडकी फार आवडली, हे खरं.

भाच्यानं मला चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम करून दिला. डायरीत काही नावांपुढे मी 'सापडला नाही' असा शेरा मारलेला आहे. तो प्रोग्राम सगळ्या फायलींत हा शेरा किती वेळा आलाय ते मोजतो. नाव ठेवलं 'पट'. होय, देवनागरीतच. (हे नंतर सांगतो, त्यातही गंमत आहे.) मला तो कुठूनही चालवता यायला हवा होता. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुमच्या बिन फोल्डरचं नाव पाथमध्ये घाला, बॅशआरसी फाईलच्या शेवटी एक ओळ लिहा, झालं." ओळ त्यानं सांगितली, मी कागदावर उतरवली, आणि उतरवताना त्यातला एक तुकडा गाळला.

नवी खिडकी उघडली. फायलींची यादी दाखवणारी कमांड 'एलएस'. ती मारली. उत्तर आलं : कमांड नॉट फाऊंड. फाईल उघडणारी 'नॅनो' मारली. नॉट फाऊंड. पडदा पुसणारी 'क्लिअर' मारली, तीही नॉट फाऊंड. मग 'पट' मारून पाहिलं, तर ती सापडली, पण तिच्या पोटात जी 'ग्रेप' नावाची कमांड आहे ती नॉट फाऊंड! माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. तीन वर्षांचं टायपिंग. पहिल्या दहा डायऱ्यांची वाळवीनं चाळण केली होती आणि त्या मी टाकूनही दिल्या होत्या. सौ. म्हणाली, चहा घ्या. चहा कसला घेता!

भाच्याला फोन लावला. तो कुठल्याशा मीटिंगमध्ये, कुजबुजत बोलत होता. "मामा, फाईली कुठंही गेल्या नाहीत. स्लॅश, बिन, स्लॅश, एलएस असं पूर्ण लिहा." लिहिलं. आणि सगळ्या फायली ओळीनं समोर आल्या, वर्गात उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या.

मग चहा घेतला.

पण मनातून जाईना. कमांड मशीनमध्ये होती. फायली होत्या. मग 'सापडत नाही' हे मशीन म्हणालं ते कशावरून? संध्याकाळी भाच्यानं सविस्तर सांगितलं, पुढे आठ-दहा दिवस मीही वाचत राहिलो. ते असं.

आपण 'एलएस' असं नुसतं नाव लिहितो. पण कर्नेल, म्हणजे लिनक्सचा मूळ गाभा, नुसत्या नावानं कुणाला ओळखत नाही, त्याला पूर्ण पत्ता लागतो. नावावरून पत्ता शोधायचं काम आपल्या नि कर्नेलच्या मधला मध्यस्थ करतो. त्याला शेल म्हणतात. हा शेल सगळा कॉम्प्युटर धुंडाळत बसत नाही. त्याच्याजवळ खोल्यांच्या नावांची एक यादी असते, तिचं नाव पाथ. यादीतल्या पहिल्या खोलीत डोकावायचं, तिथे नसेल तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. पहिल्यांदा जिथे सापडेल तिथे थांबायचं. यादी संपली की सांगायचं, नॉट फाऊंड. शेजारच्याच खोलीत ती वस्तू पडलेली असली तरी ती खोली यादीत नसेल तर त्याच्या लेखी ती नाही. मी गाळलेला तुकडा म्हणजे 'आणि जुनी यादी जशीच्या तशी' हे सांगणारे शब्द. त्यामुळे माझ्या यादीत माझी एकच खोली उरली होती.

(काही कमांडी तरीही चालत होत्या, त्यानं मी आणखीच गोंधळलो. 'सीडी', 'पीडब्ल्यूडी' वगैरे. त्या शेलच्या स्वतःच्या खिशात असतात, त्यांना शोधायला जावं लागत नाही. एकदा मी नातीसाठी प्रश्नमंजुषेचा प्रोग्राम केला होता आणि मास्तरच्या सवयीनं त्याला 'टेस्ट' नाव दिलं होतं. चालवला की काहीच व्हायचं नाही, चूकही दाखवायचा नाही. 'टेस्ट' नावाची कमांड शेलच्या खिशात आधीपासून असते, ती माझ्या आधी हजेरी लावून जायची, हे आत्ता कळलं.)

आता इतिहास. ही यादी आली कुठून?

लिनक्स 1991 सालची, फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सची. पण तिच्या चालीरीती त्याहून वीस वर्षं जुन्या, युनिक्सच्या. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून युनिक्स घडवली. कमांडी ठेवायला एक खोली केली, बिन. बायनरीचं लघुरूप. तेव्हाच्या डिस्का अगदी लहान. आजच्या मोबाईलमधला एखाद-दुसरा फोटो जेमतेम मावेल एवढ्या. पहिली डिस्क भरली. दुसरी डिस्क वापरणाऱ्या माणसांच्या फायलींसाठी होती, तिचं नाव यूएसआर, म्हणजे युजर. मग उरलेल्या कमांडी तिकडे ढकलल्या आणि तिथेही एक बिन केली. घर भरलं की गोठ्यात फळी ठोकून डबे ठेवतो आपण, तसंच. त्यामागे शास्त्र काही नव्हतं, जागा नव्हती एवढंच. पण पन्नास वर्षं सगळ्या जगानं दोन बिन सांभाळल्या, आणि नंतरच्यांनी त्याला शास्त्रही चिकटवलं. इतिहास शिकवताना असे किती प्रसंग पाहिले!

1975 सालच्या सहाव्या आवृत्तीत थॉम्पसनच्या शेलमध्ये शोध कसा होता, तर लिहिलं असेल तसं आधी पाहायचं, मग बिनमध्ये, मग यूएसआरच्या बिनमध्ये. बस्स. यादी बदलायची सोयच नाही, प्रोग्रामात कोरलेली. आणि काटकसर बघा. 'यूएसआर-बिन' हा पत्ता एकदाच लिहून ठेवलेला. त्यातली पहिली चार इंग्रजी अक्षरं (स्लॅश धरून) सोडून वाचलं की उरतं 'बिन'. म्हणजे दोन खोल्यांसाठी एकच पाटी, आधी अर्धी वाचायची, मग पूर्ण. आमच्या आईनं एका लुगड्याच्या दोन चौघड्या आणि उरलेल्याचं पायपुसणं केलं असतं, त्या जातीची ही बुद्धी.

मग माणसं वाढली. प्रत्येक गटाची आपापली हत्यारं, ती ठेवायला आपापल्या खोल्या. तेव्हा जॉन मॅशी यांनी बेल लॅब्जच्याच 'प्रोग्रामर्स वर्कबेंच' या युनिक्सच्या शेलमध्ये ही यादी वापरणाऱ्याच्या हातात दिली. 1979 च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्हन बोर्न यांचा शेल आला आणि त्यात पाथ हे नाव आणि आजचं रूप ठरलं. खोल्यांची नावं, मध्ये दोन टिंबं. एका शेलची यादी त्यानं सुरू केलेल्या प्रोग्रामलाही वारशानं मिळते. माझ्या 'पट'ला म्हणूनच 'ग्रेप' सापडली नाही. बापाची यादी तीच लेकाची.

बोर्नच्या मूळ यादीत पहिली जागा होती 'आत्ता जिथे उभे आहात ती खोली'. सोयीचं खरं. पण चोरांनाही सोयीचं. विद्यापीठातल्या सामायिक मशीनवर एखादं टारगट पोरगं आपल्या खोलीत 'एलएस' नावाचा भलताच प्रोग्राम ठेवायचं. मशीनचा मुख्य व्यवस्थापक त्या खोलीत येऊन सहज 'एलएस' म्हणाला, की चालायचा त्या पोराचा प्रोग्राम, आणि तोही व्यवस्थापकाच्या अधिकारानं! म्हणून पुढे ही उभी खोली आधी यादीच्या शेवटी गेली आणि मग यादीतून बाहेरच. आज लिनक्सवर आपल्याच खोलीतला प्रोग्राम चालवायचा तर 'डॉट स्लॅश' लावून बजावून सांगावं लागतं.

डेबियनमध्ये साध्या माणसाला न मागता मिळणारी यादी पाच खोल्यांची असते. आधी स्थानिक बिन (यूएसआर-लोकल), म्हणजे घरच्यांनी आणून ठेवलेल्या वस्तू, मग यूएसआरची बिन, मग मूळ बिन, आणि शेवटी दोन खोल्या चक्क खेळांच्या. मुख्य व्यवस्थापकाच्या यादीत खेळ नाहीत, त्याऐवजी 'एसबिन' नावाच्या खोल्या, जिथे मशीन चालवायची हत्यारं असतात. ही यादी एका जागी लिहिलेली नसते. लॉगिन करणारा प्रोग्राम एक देतो, ईटीसी खोलीतली प्रोफाईल नावाची फाईल ती बदलते, मग आपली घरची फाईल तिच्यावर हात फिरवते, आणि कुणीच काही सांगितलं नाही तर बॅश शेलच्या पोटात एक यादी असतेच. (बॅश म्हणजे लिनक्सवर सर्रास असणारा शेल, 1989 चा, ब्रायन फॉक्सनं लिहिलेला.) भाचा म्हणाला, 2019 साली डेबियनची दहावी आवृत्ती आली तेव्हा मोठमोठे जाणकारही चकले होते. 'एसयू' म्हणून व्यवस्थापक व्हायचं, अधिकार सगळे मिळायचे, पण यादी जुनीच, साध्या माणसाची राहायची. खुर्ची मिळाली, किल्ल्यांचा जुडगा राहिला! 'एसयू'पुढे एक छोटी आडवी रेघ द्यायची, की यादीही मिळते. हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

आता जरा आपल्याकडे येऊ. नावावरून ठिकाण शोधायचं हे दुखणं काही कॉम्प्युटरनं आणलेलं नाही. पिंपळगाव, वडगाव, धानोरा... एकेका जिल्ह्यात किती? नुसतं 'मु. पो. पिंपळगाव' लिहिलेलं पाकीट म्हणजे नुसतं 'एलएस'. वाटेतला टपालवाला ज्या क्रमानं शोधेल, त्यात पहिलं पिंपळगाव जे लागेल तिथे पत्र जाणार. यावर तोडगा काढला तो एका मराठी माणसानं, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे कवी. 15 ऑगस्ट 1972 पासून आपण लिहितो तो सहा आकडी पिन कोड त्यांच्या डोक्यातला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन नेमक्या पोस्टाचे. बीडचा 431122. आता यात शोधाशोध नाही, क्रम नाही. हा पूर्ण पत्ता. भाच्यानं मला फोनवर 'स्लॅश बिन स्लॅश एलएस' लिहायला लावलं तेव्हा त्यानं केलं ते हेच. माझी यादी मोडली होती, पण पूर्ण पत्त्याला यादीची गरजच नसते.

दुसरी गोष्ट नाव बदलण्याची. या दोन बिनचं ओझं अखेर लोकांना नकोसं झालं. फेडोरा नावाच्या लिनक्सनं 2012 साली मूळ बिनमधलं सगळं सामान यूएसआरच्या बिनमध्ये नेलं. डेबियननं बऱ्याच वादावादीनंतर 2023 च्या बाराव्या आवृत्तीत ते सक्तीचं केलं. 2025 मध्ये फेडोरानं एसबिनही त्यातच मिसळली. पण जुनी 'बिन' ही पाटी काढली नाही. जगभरातल्या असंख्य प्रोग्रामांच्या पहिल्या ओळीत तोच जुना पत्ता लिहिलेला आहे, त्यांचं काय करायचं? म्हणून पाटी तिथेच, आणि तिथे गेलं की आपोआप नव्या खोलीत. आमचं अंबाजोगाई निजामाच्या राज्यात मोमिनाबाद होतं. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं आणि पुढे जुनं नाव परत मिळालं. पण माझे आजोबा शेवटपर्यंत "मोमिनाबादला जाऊन येतो" म्हणायचे आणि बरोबर अंबाजोगाईलाच पोहोचायचे. पाटी जुनी, खोली तीच.

असो. देवनागरी नावाच्या कमांडीची गंमत सांगायची राहिली. 'पट' हे नाव मशीनला कळतं ते यूटीएफ-8 या पद्धतीमुळे. हा ब्लॉगही तुम्हाला तिच्यामुळेच वाचता येतोय. ती पद्धत 1992 च्या सप्टेंबरात रॉब पाईकबरोबर जेवायला बसलेल्या केन थॉम्पसननं हॉटेलातल्या टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडली. तोच तो, अर्धी पाटी आधी वाचणारा.

यादी दुरुस्त करून मी 'पट' चालवला. आकडा आला 23. तेवीस पोरांपुढे माझ्या अक्षरात 'सापडला नाही'. आणि रात्री झोप लागेना.

आपल्या जिल्ह्यात हे काही नवलाचं नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता, आणि पोरं बरोबर. वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. 1984 च्या हिवाळ्यात पाचवीतला एक मुलगा असाच दिसेना झाला. गणितात फार तल्लख, इतिहासात यथातथा. मी नियमानं शोध घेतला. आधी त्याच्या घरी गेलो, आजी होती, तिला एवढंच माहीत की "कारखान्याला गेलीत." मग तांड्यावर विचारलं. मग आजोळच्या गावी निरोप धाडला. तीन ठिकाणं झाली, यादी संपली. पटावरचं नाव कमी केलं आणि डायरीत लिहिलं, सापडला नाही.

मुकादमाला विचारलं नाही. मुकादम आमच्याच गावचा, रोज पारावर भेटणारा. त्याच्या वहीत कुठला कोयता कुठल्या कारखान्याला, कुठल्या गटात, सगळं लिहिलेलं असायचं. पण मुकादमाच्या दारात मास्तरानं जायचं नसतं, असं मला तेव्हा वाटायचं. का, ते विचारू नका.

तो मुलगा पंधरा-सोळा वर्षांनी शाळेत आला, स्वतःच्या मुलीचं नाव घालायला. मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, "सर, मी वैशाखात आलो होतो माघारी. शाळेत आलो तर पटावर नाव नव्हतं. मग पुढल्या साली कोयता धरला." आवाजात राग नव्हता. मी त्याच्या मुलीचं नाव घातलं, दाखल्यावर सही केली. डायरीतला शेरा मात्र तसाच राहिला, आणि तीन वर्षांपूर्वी टाईप करतानाही मी तो डोळे झाकून तसाच उतरवला.

तर आता त्या फाईलमध्ये दुरुस्ती केली आहे. पटाचा आकडा 22 झाला. तो मुकादम वारला, पण त्याचा मुलगा गावात आहे. गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो होतो. जुन्या वह्या माळवदावरच्या ट्रंकेत निघाल्या, काही उंदरांनी खाल्लेल्या. दोन नावं लागली. एक मुलगा सांगलीकडे कारखान्याजवळच स्थायिक झालाय, त्याच्या भावाचा फोन नंबर मिळाला. दुसऱ्याची आई अजून गावात आहे.

20 राहिलेत. 1979 ते 1991 मधल्या तुकड्यांपैकी कुणी हे वाचत असाल, किंवा तुमच्या माहितीत कुणी असेल, तर खाली लिहा, नाहीतर मला निरोप धाडा. ताई, तुझ्या सासरच्या मंडळींपैकी कुणीतरी कारखान्याच्या शेतकी खात्यात होतं असं तू म्हणाली होतीस; त्यांचा नंबर पाठव.

आणि हो, ती ओळ आता बरोबर लिहिली आहे. आधी जुनी यादी, मग दोन टिंबं, मग माझी खोली. भाच्यानं तपासून घेतली.